शेवटचं बोट

शिंपी सुईला घाबरतो, हे घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. कापडात सुई घालायला त्याची हरकत नसे. बोटात घालायची म्हटलं की तोंडचं पाणी पळायचं. आणि नऊ वर्षांच्या लेकीला मधुमेह निघाल्यापासून घरात रोज बोटं टोचली जात होती.

दुपारचं बोट बापाच्या वाट्याला आलं होतं. शाळा सुटली की लेक दुकानात यायची आणि साखर मोजायचं मशीन दिसताच हात पाठीमागे लपवायची. शेवटी बाप म्हणाला, "तू टोच, मग नवी सुई घेऊन मीही टोचतो. फिट्टंफाट! डोळे मिटायचे, दहापर्यंत मोजायचं. आईला मात्र सांगू नकोस, मशीनच्या पट्ट्या वाया घालवतो म्हणून डोकं खाईल."

लेक तयार झाली. चार दिवसांत ती उघड्या डोळ्यांनी आकडा बघू लागली. बापाचे डोळे मात्र सगळं पुसून होईपर्यंत मिटलेलेच असत.

संध्याकाळी आई कामावरून आली की मशीन उघडायची, दिसेल तो शेवटचा आकडा वहीत लिहायची आणि कपाळाला हात लावायची. "दोनशे साठ! डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं करतेय की मी!"

बाईंनी सांगितलं होतं, की चोथ्याचं खाणं वाढवा, म्हणजे साखर हळूहळू चढते. आईनं घरात कोंड्याचा पाव आणला, सालीसकट सफरचंद आणलं, मोडाची कडधान्यं आणली. आकडा हलेना, म्हणून तिनं कोंडा दुप्पट केला. सकाळी संडासापुढे रांग लागू लागली. पांढरा पाव आणि जॅम घरातून हद्दपार झाले, म्हणजे दुकानाच्या कपाटात, मापांच्या वहीमागे गेले. अन्न टाकवत नाही म्हणून शिंपी ते रोज थोडं थोडं संपवत होता.

महिन्यानं डॉक्टरीणबाईंनी वही पाहिली. "एवढं करूनही? मग इन्सुलिनचा डोस वाढवावा लागेल."

आईचे डोळे भरून आले. लेकीनं विचारलं, "आणि साखर वाढलेलीच नसली तर?"

"तर ती एकदम खाली जाईल. चक्कर येऊन पडशील, बाळा."

लेकीनं बापाकडे पाहिलं. "बाबा, सांगू?"

"काय सांगायचंय?" बाप म्हणाला. त्याला खरंच काही कळलं नव्हतं.

"वहीतला आकडा माझा नाही. शेवटचं बोट रोज बाबांचं असतं."

बाईंनी मशीनमधले जुने आकडे मागे मागे जात पाहिले. प्रत्येक मोठ्या आकड्याच्या आधी एक छोटा होता. एकशे वीस. एकशे पंधरा. एकशे तीस. आईला इतकं हायसं वाटलं, की नवऱ्यावर ओरडायचं ती विसरूनच गेली.

"हिचं छान चाललंय. डोस आहे तोच राहू दे," असं म्हणून बाईंनी नवी सुई काढली आणि शिंप्यापुढे हात केला. "बोट द्या."

शिंपी पांढराफटक पडला. लेकीनं त्याचा हात धरला. "डोळे मिटायचे, दहापर्यंत मोजायचं. आकडा मी बघते."

शिंप्यानं तीनपर्यंत मोजलं आणि कपाटातल्या जॅमची कबुली दिली.