मस्के सरांच्या काचपट्ट्या

कंदुरीच्या, म्हणजे नवसाच्या बोकडाच्या पंगतीत मस्के सरांच्या शेजारी बसायला कोणी तयार नसतं. सर मटण खात नाहीत, तपासतात. जिंतूरकडच्या एका कंदुरीत त्यांनी रश्श्यातून पांढरी दोरी चिमटीत धरली आणि माझ्या नाकासमोर लोंबवली.

"जाधव, ही कंडरा. स्नायूला हाडाशी बांधती. ओढा जरा."

मी ओढली.

"तुटनार न्हाई. संयोजी ऊती हाय ती."

समोरच्या पाहुण्यानं घास तोंडातच धरला होता.

"तुमी कास्थी चावायलात, कुरकुरीत कवळं हाड," सर त्याला प्रेमानं म्हणाले. "चावा, काई होत न्हाई."

पाहुणा उठून हात धुवायला गेला, तो परत आलाच नाही.

सर विज्ञान शिकवतात, मी गणित. त्यांच्या जगात फक्त दोन गोष्टी आहेत, वनस्पती ऊती आणि प्राणी ऊती. बाजारात ते भेंडीचं टोक मोडून बघतात. कट्ट आवाज आला नाही की "दृढ ऊती झाली" म्हणून ठेवून देतात. आता भाजीवाल्या मावश्याच लांबून बोलावतात, "या सर, लय कवळी हाय, दृढ ऊती एक न्हाई." एकदा एसटी खड्ड्यात आदळून माझं डोकं दांडीवर आपटलं. सर म्हणाले, "टाळूवर मेद ऊती कमी, लागनारच. आपटायचंच तर मेद हाय तिकडून आपटावं." सगळी एसटी माझ्या मेदाकडं बघू लागली.

आता माझा गुन्हा सांगतो.

नववीला ऊतींचा धडा लागला की सर एकेकाच्या गालाची आतली बाजू टूथपिकनं हलकेच खरवडतात, ते काचपट्टीवर पसरून निळा रंग देतात आणि ज्याचं त्याला सूक्ष्मदर्शकातून दाखवतात. "सर, मी तर फरशीवानी दिसायलो," असं दरवर्षी एक तरी पोरगं म्हणतंच.

मागच्या वर्षी शाळेची तपासणी होती. सर प्रशिक्षणाला परभणीत होते, म्हणून प्रयोगशाळेची सफाई माझ्याकडं आली. कपाटात पेढ्यांचे चार खोके सापडले. आत डागाळलेल्या काचपट्ट्या, त्यांना चिकटलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या. मी बाही वर करून भांड्याच्या साबणानं सगळ्या धुतल्या. आरशासारख्या चकाकल्या. तपासणीच्या साहेबांनी कौतुकही केलं आणि मी ते घेतलं.

सर परतले. खोके उघडून बघत बसले. शिपायाला विचारलं, तो नाही म्हणाला. मी तिथंच उभा होतो, गप्प. दोन दिवस सगळे शिपायाकडं संशयानं बघत होते आणि मी पोरांना प्रामाणिकपणे बेरजा शिकवत होतो.

रविवारी न राहवून शाळेत गेलो. सर प्रयोगशाळेत एकटेच, समोर कोरी काच.

"सर, मी धुतल्या."

त्यांनी कोरी काच उचलून उजेडाला धरली. मग म्हणाले, "साबनानं?"

"साबणानं."

"ह्याच्यात सोनपेठची ललिता व्हती. लय बडबडी. पुन्यात नर्स हाय आता. एक गफूर व्हता, दुबईत हाय. फोन कशाला करतील, आपापल्या कामात असतेत. मी रविवारी काढून बघायचो एकेकाला."

"पण पेशी तर सगळ्यांच्या सारख्याच दिसतात ना? ओळखायचात कसं?"

"चिठ्ठी वाचून."

मला हसूही आलं आणि रडूही. उद्या सगळ्यांसमोर शिपायाची माफी मागतो, म्हणालो. "मागा," ते म्हणाले. उठले, कपाटातून टूथपिक काढली.

"तोंड उघडा."

"मी?"

"पोरं जातेत निघून. तुमी कुटं जायलात आता?"

मी तोंड उघडलं. त्यांनी माझा गाल इतका हळू खरवडला की कळलंच नाही. नव्या चिठ्ठीवर माझं नाव लिहिलं, फुंकर मारून वाळवलं आणि रिकाम्या खोक्यात पहिली काचपट्टी ठेवली.