नागोराव अस्वलाचा पियानो आणि मधली लय

एका जंगलात एक पियानो होता. तो तिथे कसा आला, हे विचारू नका. गोष्टीत मधेच प्रश्न विचारणाऱ्या मुलांना मोठेपणी समितीवर घेतात.

पियानो होता पडक्या डाकबंगल्याच्या ओसरीवर, आणि तो वाजवायचा नागोराव अस्वल. त्याला एकच गत येत होती, रॅगटाइम नावाच्या जुन्या अमेरिकी संगीतातली. रॅगटाइममध्ये डावा हात शहाण्या मुलासारखा नाकासमोर चालतो. धम्-चक, धम्-चक. उजवा हात मात्र वात्रट. तो ठेक्याच्या जरा आधी येतो, नाहीतर जरा उशिरा, आणि डाव्याला टपली मारून पळतो. सगळी गंमत त्या टपलीत असते.

गतीच्या कागदावर कोपऱ्यात छापलं होतं, 'घाई करू नये.' नागोरावला वाचता येत होतं. तो पाणवठ्यावर ज्या चालीने जाई त्याच चालीने वाजवी. फार भरभर नाही, फार सावकाश नाही. पोट हलेल इतपत. त्या पियानोवर त्याचा फार जीव होता. मध खाऊन झाला की ओढ्यावर पंजे धुवायचा आणि मगच झाकण उघडायचा.

एक दिवस सशाने बातमी आणली. पलीकडच्या जंगलातला फत्तेसिंग वानर हीच गत चाळीस सेकंदांत उरकतो!

"आणि आमच्या नागोरावदादांना चार मिनिटं लागतात," ससा म्हणाला.

वाघमहाराजांचं शेपूट ताठ झालं. "म्हणजे आपलं जंगल मागे पडलं?"

त्यांनी तिथल्या तिथे पैज लावली. चैत्रात सामना, जिंकेल त्याचा पियानो. पियानो कोणाचा, हे त्यांनी विचारलं नाही. महाराज लोक असलं काही विचारत नाहीत.

नागोरावने गतीचा कागद पुढे केला. "महाराज, कागदावर लिहिलंय, घाई करू नये."

"लिहिणारा आपल्या जंगलातला होता का?"

"नाही, महाराज."

"मग?"

मग काय, समिती नेमली. एक ससा, एक कासव. ससा म्हणाला, माझ्या उड्यांच्या लयीत वाजवा. कासव म्हणालं, माझ्या पावलांच्या. आठ दिवस दोघे भांडले.

या जंगलाची एक रीत होती. वाद मिटेना की मधलं काढायचं. पाणी पहाटे प्यावं की संध्याकाळी, यावर मागे असाच वाद झाला होता. तेव्हापासून सगळं जंगल भर दुपारी बारा वाजता पाणवठ्यावर जातं आणि उन्हाने भोवळ येऊन पडतं. पण वाद म्हणून उरला नाही.

तसंच लयीचंही मधलं काढलं. त्या लयीत कोणाला धड चालता येईना, धड पळताही येईना. ती मोजायला पियानोवर सुतार पक्षी बसवला. "तो टक करेल, तुम्ही धम् करा," कासवाने नागोरावला बजावलं.

चैत्र आला. परीक्षक म्हणून तिसऱ्याच जंगलातून गजराबाई हत्तीण आल्या. त्या निःपक्षपाती होत्या, कारण त्यांच्याशी वाद घालायची कोणाची छाती नव्हती.

आधी फत्तेसिंग बसला. पियानोवर गारा पडल्यासारखं काहीतरी झालं.

"सुरू कधी करतोस?" गजराबाईंनी विचारलं.

"संपलंसुद्धा, मावशी."

मग नागोराव. टक, धम्. टक, धम्. दोन ओळी बऱ्या गेल्या. पण पियानोचं लाकूड जुनं, किडलेलं. सुतार पक्ष्याला अळीचा वास लागला. टकटकटकटक! नागोरावची धम्धम्धम् अशी त्रेधा उडाली. मग अळी सापडली आणि टक बंदच पडलं. नागोरावचे दोन्ही पंजे हवेत. अळी मोठी होती, गिळायला वेळ लागला.

तिकडे फत्तेसिंग शेपटीने पियानोची लांबी-रुंदी मोजत होता. घरी न्यायची तयारी! ते पाहून नागोरावला रडू आलं. रडूपाठोपाठ रागही आला. त्याने पक्ष्याला हुसकावलं, डोळे मिटले, पाणवठ्याची वाट आठवली आणि आपल्या चालीने सुरुवात केली.

धम्-चक, धम्-चक. टपली!

ससा खुदकन हसला. इतक्या वर्षांत त्याला टपली पहिल्यांदाच ऐकू आली होती. कासवाची मान डोलू लागली. महाराजांचं शेपूट ठेका धरू लागलं. आणि गजराबाई? आधी कान हलले, मग सोंड, मग एक पाय.

"अगंबाई!" म्हणत त्या ओसरीवर चढल्या, डोळे मिटून एक गिरकी घेतली, आणि शेवटच्या टपलीला अगदी ठेक्यावर बसल्या. नागोरावने जेमतेम अंग काढून घेतलं. पियानोला ते जमलं नाही.

"नागोराव जिंकला," बसल्या जागेवरून गजराबाईंनी निकाल दिला. "पियानो त्याचाच." आणि त्या उठल्या.

नागोरावने उरलेल्या पट्ट्या गोळा केल्या. सतरा पांढऱ्या, नऊ काळ्या. तो ढसाढसा रडला.

समितीने अहवाल दिला: 'समितीची लय पाळली असती, तर पियानो आज शाबूत असता.' नागोरावने तो दोनदा वाचला. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. त्याने गुपचूप खाली पंजा उमटवला.

तात्पर्य: चुकीच्या लयीत वाजवलं तर फक्त संगीत मोडतं, बरोबर लयीत वाजवलं तर पियानो मोडतो. म्हणून मुलांनो, ज्या वस्तूवर तुमचा जीव असेल, तिच्यावर वेळीच समिती नेमा.