चाचणी क्रमांक सहा

त्या गुरुवारी सकाळी सव्वासातला किशोर गांगुर्डेने संगणकावरचं 'आता अपडेट करा' हे बटण दाबलं ते स्वतःच्या बोटाने, आणि कुणीही सांगितलेलं नसताना. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे दिवसभर तो अपडेटला शिव्या घालत होता. चार महिने ती सूचना कोपऱ्यात उगवायची आणि चार महिने तो 'नंतर' म्हणायचा. पण इगतपुरीहून सासू-सासरे येणार होते, आणि पाहुणे येणार म्हटलं की माणसाला कधी न केलेली साफसफाई सुचते, तसं झालं.

सासूबाईंच्या, म्हणजे वत्सलाबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. गंगापूर रोडच्या दवाखान्यात साडेअकराची वेळ मिळाली होती. रक्ताचे रिपोर्ट, हृदयाचा आलेख आणि इगतपुरीच्या डॉक्टरांची चिठ्ठी अशी चार पानं ईमेलवर आली होती. ती छापून न्यायची, एवढंच काम.

"खालच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणते मी," त्याची बायको तृप्ती आठवडाभर म्हणत होती.

"घरात प्रिंटर असताना?" किशोर दुखावल्यासारखा म्हणायचा. सरकारी कचेरीत तो वरिष्ठ लिपिक होता, आणि कुणाचा माउस अडला की 'किशोरभाऊंना बोलवा' अशी हाक व्हायची. (माउस पालथा करून झटकला की बहुतेक वेळा चालायचा. हे गुपित त्याने अकरा वर्षं जपलं होतं.)

अपडेट तासभर चाललं. नऊला पाहुणे आले, चहा झाला, आणि किशोरने सर्वांसमोर ऐटीत 'प्रिंट' दाबलं. संगणक म्हणाला, पाठवलं. प्रिंटरचा हिरवा दिवा लागलेला. कागद मात्र ढिम्म हलेना.

त्याने प्रिंटर बंद करून चालू केला. वायर काढून लावली. झाकण उघडून आत फुंकर मारली. माउससारखं पालथं घालून झटकावं असंही मनात आलं, पण शाई आठवली. मग सेटिंगमध्ये शिरून जिथे जिथे रिकामी चौकट दिसली तिथे तिथे त्याने खूण करून टाकली.

सासरे, पुंजामामा, हात मागे बांधून पाठीशी येऊन उभे राहिले. चौतीस वर्षं त्यांनी रेल्वेत सिग्नलची दुरुस्ती केली होती. घाटातल्या धो धो पावसात खांबावर चढून बिघाड शोधणारा माणूस. बोलायचा कमी, पण विचारायचा नेमकं.

"वायर बघितली?"

"बघितली, मामा."

"दोनी टोकं?"

"दोन्ही टोकं, मामा."

"नाय, कधी कधी एकच टोक बघत्यात मान्सं."

मामा गॅलरीत गेले तसा किशोरने दात खाल्ले. आता लहान लहान मजकूर छापून पाहू, असं त्याने ठरवलं. कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत टाइप केलं: 'चाचणी क्र. १'. प्रिंट. काही नाही. 'चाचणी क्र. २. छाप.' काही नाही. 'चाचणी क्र. ३. छाप ना रे बाबा.'

मामा परत आले. "कागद भरला का?" विचारून पुन्हा गेले.

आणि इथे किशोरच्या मनाचा तोल गेला. जे यंत्र काहीच छापत नाही त्याच्यापाशी मन मोकळं करायला काय हरकत, असं त्याला वाटलं. त्याने टाइप केलं: 'चाचणी क्र. ४. सासरेबुवा मागे उभे राहिले की चालता माणूससुद्धा बंद पडेल.' प्रिंट दाबल्यावर छातीत कसं गार वाटलं. 'चाचणी क्र. ५. तृप्तीचं नाक अगदी बापावर गेलंय. दुसऱ्याच्या कामात खुपसायला.' प्रिंट. 'चाचणी क्र. ६. जन्मभर रुळांवर दिवे लावले, आता माझ्या घरात काय दिवे लावणार?' प्रिंट! या वाक्यावर तो स्वतःच खुदकन हसला.

"अहो, साडेदहा झाले," तृप्ती म्हणाली. "जाऊ का खाली?"

"दोन मिनिटं!"

किशोरने लगबगीने चाचणीचं पान मिटून प्रिंटरच्या सेटिंगचं पान समोर आणलं, तोवर मामा खुर्ची ओढून शेजारीच बसले. चष्मा लावून त्यांनी पडदा वरपासून खालपर्यंत वाचला. "जावईबापू, गाडी उभी हाय म्हंजे सिग्नल लाल हाय. लाल कुणी केला तेवढंच बघायचं. हितं 'पॉज' लिव्हलंय. पॉज म्हंजे थांब ना?"

किशोरने पाहिलं. त्यानेच खुणा करता करता तीही खूण केली होती. अपडेटने काय बिघडवलं होतं देव जाणे. पण आता गाडी अडवून धरली होती ती त्यानेच. कानशिलं तापली. "हेच मी बघणार होतो," असं पुटपुटत त्याने खूण काढली.

प्रिंटर कण्हला, खाकरला, आणि पहिला कागद सरसर बाहेर आला. रक्ताचा रिपोर्ट! मग दुसरा, तिसरा, चौथा. तृप्तीने टाळी वाजवली. किशोर विजयी चेहऱ्याने पाणी प्यायला उठला, तेवढ्यात मागे पुन्हा सरसर झालं. अडून राहिलेलं सगळं संगणक आपल्या पोटात नीट रांगेने धरून ठेवतो, हे कचेरीतल्या त्या तज्ज्ञाला त्या क्षणी आठवलं.

"वाचा की वो, काय म्हनतोय माझा रिपोर्ट," पलंगावरून वत्सलाबाई म्हणाल्या. त्यांना समोरचा माणूससुद्धा धुक्यातला दिसायचा.

मामांनी सगळ्यात वरचा कागद हातभर लांब धरला. "चाचणी क्रमांक तीन. छाप ना रे बाबा."

"छाप? छातीचं असंल. म्होरं?"

किशोर धावला. पण चौथ्या चाचणीचा कागद मामांच्या हातात पडलाही होता. "सासरेबुवा मागे उभे राहिले की..." मामा थांबले. मग सगळं वाचलं, एका सुरात.

किशोरने पाचवा कागद अर्धा बाहेर आलेला असतानाच खेचला. कर्रकन आवाज होऊन तो आत अडकला, लाल दिवा लागला, आणि त्याला हायसं वाटलं. ते चार सेकंद टिकलं. कारण अडकलेलं काहीही सोडवणं हा मामांचा चौतीस वर्षांचा धंदा. त्यांनी मागचं झाकण काढलं, दोन बोटांनी चुरगळलेला कागद अलगद ओढला, झाकण लावलं. आणि प्रिंटरने इमानदारीने तेच पान पहिल्यापासून पुन्हा छापलं. ते तृप्तीने उचललं, वाचलं, आणि नकळत तिचा हात नाकाकडे गेला.

सहावं पान मामांनी मोठ्यानेच वाचलं.

"ह्या डाक्टरला काय ठावं तुमी रेल्वेत होता?" वत्सलाबाई चकित होऊन म्हणाल्या.

किशोरला वाटलं, हृदयाच्या त्या आलेखावर आपण एक सरळ रेघ होऊन जावं.

रिक्षात तो चालकाशेजारी अंग चोरून बसला. दवाखान्याच्या बाकावर पाऊण तास त्याने माफीची वाक्यं मनात जुळवली आणि मोडली. शेवटी मामांच्या पायांकडे बघत म्हणाला, "मामा, चुकलं माझं. लाज वाटते."

"आमच्या साहेबाच्या नावानं मी बी लय लिव्हायचो," मामा हळूच म्हणाले. "खांबावर बसून. पन पेन्सिलीनं, जावईबापू. आन् पुसून उतरायचो."

त्यांच्या मिशीचं एक टोक हललं. तृप्तीने तोंडावर पदर धरला; ती रागावली होती की हसत होती, हे किशोरला कळेना. पण डोळ्यांत पाणी यावं इतकं त्याला हलकं वाटलं. आता पडेल ते काम करायचं, असा त्याने निश्चय केला.

तेवढ्यात आतून नर्स आली. "वत्सलाबाईंबरोबर कोण आहे? फॉर्मवर सही लागेल. घरातला जबाबदार माणूस हवा."

किशोर ताडकन उठला, खिशातून पेनही काढलं. तेव्हा वत्सलाबाईंनी चाचपडत हात पुढे केला, नेमका त्याचाच शर्ट धरला आणि मायेने त्याला खाली बसवलं.

"तुमी बसा, बापू," त्या म्हणाल्या. "जबाबदार म्हनतीय ती."