झावळ्यांच्या छपरांना भिणारे गोपाळराव

गोपाळराव पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा नमस्काराआधी त्यांनी छताच्या लाकडी वाशांकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे घर जाळायला काडी घेतलेली एक म्हातारी पुरे."

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. माझी नागपूरहून मद्रासला बदली झाली आणि मैलापुरात आम्ही त्यांचे शेजारी झालो. ते तंजावरी मराठी. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, एकटे. लढायांतल्या तलवारी-तोफांचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. "तोफेला दारू लागते, तलवारीला मनगट. आगीला नुसता वारा पुरतो," ते म्हणत. "किल्ला दगडाचा असेल हो, आतली घरं गवताचीच. आणि आग ती लावणाऱ्याचंही ऐकत नाही."

म्हणून घरात चूल नाही, स्टोव्ह नाही. डबा खाणावळीचा, तोही गार झाल्यावरच उघडायचा. लग्नात झावळ्यांचा मांडव दिसला की वधूपित्याला बाजूला घेऊन हळूच विचारत, "तुमचं कुणाशी वैर?" एकदा होमाशेजारी भरली बादली धरून असे उभे राहिले, की भटजी मंत्र विसरले.

आम्ही हसायचो. मग एका उन्हाळ्यात मागच्या झोपड्यांत दोघं नळावरून भांडले. त्यातल्या मुरुगन नावाच्या रिक्षावाल्याने रागाच्या भरात शेजाऱ्याच्या छपरावर पेटतं फडकं फेकलं. वारा समुद्राकडून होता. बघता बघता सगळी ओळ गेली, मुरुगनची झोपडीही. माणसं तेवढी वाचली. त्याला पोलिसांनी नेलं. त्याची बायको सेल्वी लहान मुलीला घेऊन रस्त्यात उभी राहिली. तिला कुणी दारात उभं करेना.

गोपाळरावांनी जाऊन त्या मुलीला उचललं.

"अहो, आग लावणाऱ्याची माणसं ती," मी म्हणालो.

"घर त्यांचंही जळलं," ते म्हणाले आणि चालू लागले.

मायलेकी त्यांच्याकडेच राहिल्या आणि सेल्वीने घरात स्टोव्ह आणला. गोपाळराव आधी व्हरांड्यात जाऊन बसले, मग भांड्यांचा आवाज ऐकत हळूहळू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आले. गरम रसम-भाताने जीभ भाजली, तरी पुन्हा वाढून घेतला.

सेल्वीच्या भावाने नवी खोली उभारली. गोपाळराव रोज पाहून येत. "भिंत ओली आहे." "दार वाऱ्याच्या तोंडाला आहे." सेल्वी मान डोलवायची आणि राहायची. शेवटी कौलं चढली, काढायला दोष उरला नाही, आणि मायलेकी गेल्या.

त्या संध्याकाळी गोपाळराव आमच्याकडे आले. बायको स्वयंपाक करत होती. ते दाराशी पाट ओढून बसले.

"अम्मा," मग ते म्हणाले, "जरा भांडी वाजवत राहा."