वेणूबाईंच्या विरजणाची हकीकत

श्रीगजाननास नमन, शारदेस नमन, आणि तिसरे नमन चुलीवरील दुधास. शके अठराशे बावन्न, प्रमोदनाम संवत्सरी वेणूबाई जन्मल्या, आणि सोळावे वर्षी लग्न होऊन सासरी निघाल्या, तेव्हा मातोश्रींनी दह्याची कवडी वाटीत घालून आज्ञा केली, "पोरी, रोज लाव. मोडू देऊ नकोस." मग पुढील साली टोपीकरांनी गाशा गुंडाळिला, मुलखाच्या वाटण्या जाहल्या, लाखो माणूस देशोधडीस लागले, आणि वेणूबाईंनी दूध कोमट करून विरजण लाविले. मग उत्तरेस हिमपर्वतावर युद्ध पेटले, बाईंनी हातच्या दोन बांगड्या राज्यास दिल्या आणि विरजण लाविले. मग दुष्काळ पडून परमुलखीचे तांबडे धान्य खाणे आले, मग बोलणारांची तोंडे बंद करण्याचा हुकूम सुटला आणि उठलाही, तख्तावर कोण बसले, कोण उतरले, याची गणती शहाण्यांस न होय; परंतु दही एक दिवस चुकले नाही. धन्य ते सातत्य! मागेल त्यास बाई देत, म्हणून गल्लीतील चौदा घरांवर त्या विरजणाचा अंमल बसला.

मग शके एकोणीसशे बेचाळीस, शार्वरी संवत्सरी महामारीने राज्यास वेढा दिला, उंबरठा ओलांडणे गुन्हा ठरला, आणि त्या धांदलीत सूनबाईंनी सगळे दही कढीस घातले. चमचाभर उरले नाही. वेणूबाई रिकामे भांडे पाहून म्हणाल्या, "अगं, आईचं होतं ते!" सूनबाई पाय धरून म्हणाल्या, "आई, चुकलं हो माझं." रस्त्यावर शिपाई उभे, गॅलरीस गॅलरी लागून घर एकच, इंदुमतीबाईंचे, आणि त्यांच्याशी पापडांच्या वाळवणावरून अकरा वर्षे अबोला. त्यात दिवस कलला होता, आणि दिवेलागणीनंतर विरजण देणे नाही, लक्ष्मी जाते, हा त्या मुलखाचा कायदा. अखेर नव्वद वर्षांची ती मानी बाई गॅलरीत आली आणि मान खाली घालून बोलती जाहली, "इंदू, चमचाभर विरजण देतेस का गं?"

इंदुमतीबाईंनी आभाळाकडे पाहिले. "वेणूताई, सूर्य बुडाला हो." मग पदर खोचून, "पण दिवा कुठं लागलाय?" ऐसे म्हणून गल्लीत ललकारी दिली, "अगं ए, कोणी दिवे लावू नका! वेणूताईंचं विरजण जायचंय!" आणि काय वर्णावे, बटणांवर गेलेले हात माघारी फिरले, देवघरांत काड्यापेट्या थांबल्या, शिपायानेही हातची विजेरी विझविली. राज्यात रात्र पडली, परंतु त्या गल्लीत सांज होऊ दिली नाही. अंधारात चाचपडत वाटी या हातून त्या हाती गेली. "अकरा वर्षं तुमच्याशी बोलले नाही, ताई," इंदुमतीबाई म्हणाल्या, "पण तुमचं दही मोडलं नाही." वेणूबाईंनी त्यांचा हात सोडिला नाही. बऱ्याच वेळाने इंदुमतीबाई रडत ओरडल्या, "लावा गं आता!"

पुढील साली वेणूबाई देवाघरी गेल्या, वय वर्षे एक्याण्णव. त्यांच्या हयातीत एक राज्य बुडाले, एक उभे राहिले, आणि चौदा घरी दही रोज लागते आहे. पाहिले तैसे लिहिले, अधिकउणे वाचणारांनी पोटात घालावे.