सायीच्या रंगाचा सूट

मे महिन्यात आमच्या शेजारच्या जोडप्याच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. त्याचा ग्रुप फोटो चर्चच्या मोठ्या दारासमोर काढला. फोटो घरी आला तेव्हा एर्मेलिंडानं, म्हणजे माझ्या बायकोनं, चष्मा पुसून तो दोनदा निरखला आणि विचारलं,

"तू कुठं गेला होतास रे?"

मी तिथंच होतो. तिच्या बरोब्बर मागं. पण चर्चचं दार तपकिरी, माझा कोट तपकिरी, टायही तपकिरी. त्यामुळे नुसतं डोकं दारावर टांगलेलं दिसत होतं. (ते तिला दाराची कडी वाटलं होतं. हे तिनं स्वतः सांगितलं, आणि हसली नाही.)

हा कोट लग्नातला. "तपकिरी रंगावर मळ दिसत नाही," असं माझ्या सासूबाईंनी तेव्हा जाहीर केलं आणि एर्मेलिंडानं तो वटहुकूम समजून आजवर पाळला. पोट सुटलं तसा कोट उसवून सैल केला, पोट गेलं तसा पुन्हा आत घेतला. सरकारी खात्यात कारकुनी केली ती याच रंगात. आमच्या दिवाडी बेटावरचे लोक पलीकडच्या धक्क्यावरून मला कोटावरून ओळखत. मी कोट काढून बनियनवर असलो की ओळख देत नसत.

त्या फोटोनं मात्र माझं डोकं फिरलं. एकोणसत्तर वर्षांचा झालो, आता आणखी किती दिवस दारात विरघळून राहायचं? मी एर्मेलिंडाला न सांगता म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेलो आणि लिननचं कापड घेतलं. सायीच्या रंगाचं. हाताला असं लागत होतं की दुकानदारानंच दोनदा म्हटलं, "अंकल, आता सोडा ते, गुंडाळायचंय." सोबत वाइनच्या रंगाचा एक रेशमी रुमालही घेतला, वरच्या खिशात खोचायला.

कापड घेऊन तसाच मिंगेल मेस्ताकडे गेलो. मेस्त म्हणजे आमचा शिंपी. आमच्या बेटावर त्याच्याकडं दोनच कारणांसाठी सूट शिवतात, त्यामुळे त्यानं पहिलं कारण विचारलं.

"लग्न कुणाचं, इनासबाब?"

"लग्न नाही कुणाचं."

"मग?"

आता मी काय सांगणार? या वयात हौस आली म्हणू? मी नजर चुकवून म्हटलं, "माझाच आहे. शेवटचा. एकदाच शिवायचा, पण झकास."

मेस्तानं टेप गळ्यातून काढली आणि हातात धरली. मग फार हळू आवाजात म्हणाला, "आतल्या अंगाला अस्तर घालू?"

"घाल की. अर्धवट काम नको."

"खिसे लागतील?"

"न लागायला काय झालं? चांगले खोल ठेव."

"नाही, म्हणजे... तिकडं ठेवणार काय?" तो पुटपुटला. मला वाटलं, पेन्शनीत भागत नाही असं त्याला सुचवायचंय. मी दुर्लक्ष केलं.

"कधीपर्यंत हवा?"

"घाई नाही रे. पण पावसाळा काढणार नाही."

मेस्ताचे डोळे भरून आले. "डॉक्टरनं सांगितलं?"

"डॉक्टरचा काय संबंध?" मी जरा तडकलोच. "मी स्वतः ठरवलंय. एर्मेलिंडाला एवढ्यात बोलू नकोस. सगळं झाल्यावर कळेलच तिला."

मेस्ताच्या हातून टेप पडली. त्यानं कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला. मी मनात म्हटलं, कापडच तसं आहे, भारावणारच माणूस.

आमच्या बेटावर बातमी कोणी सांगत नाही, ती फेरीबोटीत आपोआप चढते. दुसऱ्या दिवशी बोटीवर मला तिघांनी जागा दिली. एका मासळीवालीनं पिशवीत मूठभर कोलंबी जास्त टाकली आणि तोंड फिरवून पदरानं डोळे टिपले. गेली नऊ वर्षं माझी शिडी दाबून बसलेला सांतान स्वतः ती घेऊन आला, भिंतीला लावून ठेवली आणि म्हणाला, "मनात काही ठेवू नकोस." मी ठेवलंच होतं, पण शिडी परत आल्याच्या आनंदात नाही म्हटलं.

संध्याकाळी चर्चचे फादर आले. बाल्कांवच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या, दगडी बाकावर बसले, चहा घेतला, आणि आयुष्य ही देवाची देणगी असून ती आपण होऊन परत करायचा हक्क माणसाला नाही, असं अर्धा तास समजावत राहिले. मी मान डोलावत होतो. (शेवटी त्यांनी "मग तो विचार सोडला ना?" असं विचारलं. मला वाटलं, फादरनाही लिननचा खर्च पटलेला नाही. मी ताठ बसून म्हटलं, "फादर, कापड कापून झालंय.")

घरात तर कमालच झाली. एर्मेलिंडानं मला सोरपोतेल वाढलं. डॉक्टरनं बंद केल्यापासून डुकराच्या मटणाचा वासही घरात नव्हता. वर "आणखी घे" म्हणाली. मी खोकलो की पाठीवरून हात फिरवायची. रोज सकाळी माझ्या नावानं जी सुरुवात व्हायची ती बंद. माझं घोरणंसुद्धा तिला आवडू लागलं असावं, कारण जागी राहून ऐकत बसायची. मला वाटलं, मेस्तानं तोंड उघडलं आणि हिला सूट आवडला. इतक्या वर्षांनी का होईना, नवऱ्याकडं बघावंसं वाटतंय बाईला. मीही पाघळून एकदा तिचा हात धरला. ती तोंडात पदर कोंबून आत पळाली. मी लाजली समजलो.

एकटा दियोग हसत होता. दियोग एर्मेलिंडाचा थोरला भाऊ. समुद्रावरच्या मोठ्या बोटीवर खानसामा होता, लग्न केलं नाही, गल्लीच्या पलीकडच्या घरात एकटा राहायचा. अंगात बारा महिने खाकी हाफपँट आणि भोकाचं बनियन. त्या वेषात चर्चमध्ये घेत नाहीत म्हणून दर रविवारी बाहेरच्या पायरीवर उभं राहून प्रार्थना ऐकायचा, पण पँट काही बदलली नाही.

"सगळे म्हणतात तू मरतोयस," तो म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"तुझी बायको म्हणते. मेस्त म्हणतो. फादर म्हणतात. मी म्हटलं, मरणारा माणूस रुमाल मॅच करत बसत नाही. तुला मिरवायचंय. खरं ना?"

कोलंबी, शिडी, सोरपोतेल, पाठीवरचा हात, सगळं एका फटक्यात उलगडलं. मी घरात धावलो, एर्मेलिंडाला खरं काय ते सांगायला. पण ती बाल्कांवमध्ये उभी होती आणि फाटकातून एक मोठी काळी बॅग आत येत होती. बॅगेमागं आमचा मुलगा क्लीटस. इंग्लंडमधल्या स्विंडनहून. सहा वर्षांत आला नव्हता.

"पप्पा!" त्यानं मला मिठी मारली. मग हात लांब करून मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पप्पा, तुम्ही चालताय?"

"न चालायला काय झालं?"

मी सगळं सांगितलं. फोटो, दाराची कडी, लिनन, सगळं. सांगताना मला स्वतःला हसू येत होतं. हसणारा मी एकटाच होतो.

"म्हणजे तुम्हाला काहीच झालेलं नाही?" क्लीटसनं विचारलं. आणि खरं सांगतो, त्याच्या आवाजात जे होतं त्याला मी आनंद म्हणू शकत नाही. "पप्पा, मी बिनपगारी रजा टाकून आलोय!"

बॅग उघडली तेव्हा वरच त्याचा काळा सूट होता, इस्त्री करून, प्लास्टिकमध्ये. परतीचं तिकीटही काढलेलं होतं. जेवताना एर्मेलिंडानं तारीख विचारली आणि मी मनात दिवस मोजले. पोरानं मेल्यावरच्या सातव्या दिवसाची प्रार्थना धरून, वर सामान भरायला एक दिवस जास्त ठेवला होता. व्यवस्थित स्वभाव. माझ्यावर गेलाय.

एर्मेलिंडा उठली. ताटं उचलली, घासली, पालथी घातली आणि मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मला वाटलं तू मरतोयस. म्हणून मी इतके दिवस गोड बोलले तुझ्याशी."

"मला आवडलं ते," मी म्हटलं.

"मी रडत होते रे रात्रभर! आणि तू बाजूला पडून सुटाची स्वप्नं बघत होतास! कुणासाठी हे नटणं? कोण बघणार आहे तुला या वयात?"

तूच बघावंस असं वाटत होतं, हे माझ्या तोंडाशी आलं होतं. पण क्लीटस समोर बसून फोनवर लवकरची तिकिटं शोधत होता. ते वाक्य अजून तसंच आत आहे, आता त्याचा काही उपयोग नाही.

सूट आला तो एर्मेलिंडानं डांबराच्या गोळ्या घालून कपाटात कोंडला. रविवारी घालतो म्हटलं तर, "लोकांनी तुझ्यासाठी प्रार्थना केल्यात, कोलंबी दिलीय. त्यांच्यासमोर नटून जाणार? बरा दिसशील!" म्हणाली. फादरनीही हळूच सुचवलं की थोडे महिने जाऊ दे. बेटावर जो तो माझ्याकडं असा बघायचा, जणू मी देवाघरी जायची बस मुद्दाम चुकवली. सांतान येऊन शिडी परत घेऊन गेला.

क्लीटस ठरल्यापेक्षा लवकर निघून गेला. धक्क्यावर म्हणाला, "काळजी घ्या. आणि पुढच्या वेळी पक्कं असल्याशिवाय कळवू नका."

एका दुपारी एर्मेलिंडा बाजारात गेली असताना दियोग आला. म्हणाला, "घालून दाखव ना एकदा."

मी कपाट उघडलं. सूट घातला, रुमाल खोचला, केस ओले करून मागं वळवले आणि बाहेर आलो. दियोग खुर्चीवर पाय वर घेऊन बसला होता. तो थट्टा करील म्हणून मी दोन उत्तरं तयार ठेवली होती. पण त्यानं नुसतंच बघितलं. मग उठून बाहीचं कापड दोन बोटांत धरलं.

"छान दिसतोस," तो म्हणाला. "खरंच छान दिसतोस. बोटीवर असताना कॅप्टनच्या जेवणाला लोक असे यायचे. मी स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीतून बघायचो." आणि जाताना फाटकातून ओरडला, "डांबराचा वास येतोय मात्र तुला, मेल्या!"

मला छान म्हणणारा तो एकटाच माणूस. बाकी कुणी बघितलंच नाही.

पाऊस संपता संपता दियोग गेला. दुपारी जेवून बाल्कांवच्या बाकावर आडवा झाला तो उठलाच नाही. मी हाक मारायला गेलो होतो, पत्त्यांसाठी. हात हातात घेतला तर गार. तसाच धरून किती वेळ बसलो ते आठवत नाही.

मग बायका जमल्या आणि प्रश्न निघाला, घालायचं काय? दियोगचं कपाट उघडलं. सात हाफपँटी. एक नवीकोरी हाफपँट, बहुधा सणासाठी. लांब पँट एकही नाही.

एर्मेलिंडा उठली आणि आमच्या घराकडं चालू लागली. मला ती चाल कळली. मी मागं धावलो.

"एर्मा, तो माझा आहे."

"तू जिवंत आहेस ना?"

"हो, पण..."

"मग तुझं नंतर बघू." तिनं हँगर काढला. "माझा भाऊ हाफपँटीत देवासमोर जाणार नाही. आयुष्यभर चर्चच्या पायरीवर उभा राहिला. आता तरी त्याला आत नेऊ दे मला."

रुमाल मीच तिच्या हातात दिला.

मेस्त आला. सूट पाहून त्याला बरं वाटलं असावं, शिवला त्या कामी लागत होता. अंगात चढावा म्हणून त्यानं कोट पाठीवर उभा चिरला, वरपासून खालपर्यंत. तो आवाज मी स्वयंपाकघरात ऐकला.

दियोग पेटीत असा काही दिसत होता की बायका रडायच्या थांबून बघत राहिल्या. "काय ऐट आहे!" "जसा कुणी मंत्रीच!" "आपला दियोग इतका देखणा होता?" ज्यानं त्याला हयातीत एकदा बस म्हटलं नव्हतं तोही वाकून रुमालाचं कौतुक करत होता. फादरही म्हणाले, "फार उठून दिसतोय." मी पेटीच्या डोक्याशी तपकिरी कोटात उभा होतो. दोघांनी मला बाजूला सारून पुढं जागा केली.

मालार गावाहून ओळखीतली पेर्पेतमाय आली, नातीचा हात धरून. नव्वदीची आहे, मोतीबिंदू पिकलेत. रंग दिसतात, चेहरे दिसत नाहीत. तिनं पेटीवर वाकून लिनन चाचपलं आणि गळा काढला, "इनासा! अरे इनासा! सांगत होते सगळे, सूट शिवून बसलाय म्हणून! शेवटी गेलास ना!"

मी सांगायला तोंड उघडलं. एर्मेलिंडानं कोपर मारलं. "गप. तिला आता कुठं समजावत बसणार?"

पेर्पेतमाय चाचपडत माझ्याकडं वळली. माझ्या बाहीवरून तिनं खालपर्यंत हात फिरवला, पँटीपर्यंत, आणि तिचा चेहरा उजळला.

"दियोगा! बहिणीचा नवरा गेला म्हणून तरी लांब पँट घातलीस रे! बरं केलंस. तपकिरी शोभतो तुला." मग माझ्या कानाशी तोंड आणून, पेटीकडं बोट दाखवत ती हळूच म्हणाली, "तू आपला असाच राहा हो. याच्यासारखे म्हातारपणी नटायचे चाळे करू नकोस. बघितलंस ना, मानवले नाहीत त्याला."