डिंगणकरांची तहकूब खाण

रघुनाथराव डिंगणकरांच्या हातात दगड पडला की ते तो आधी चाटत. मग चष्मा कपाळावर सरकवून उजेडात धरत, आणि मग बोलत. दगड रस्त्यावरचा असो, कुणाच्या कुंपणाचा असो की वाण्याच्या तराजूतला असो. "ओला झाल्याशिवाय दगड तोंड उघडत नाही," असं त्यांचं म्हणणं. दगडाचं तोंड उघडण्यासाठी आपलं उघडावं लागतं, याचं त्यांना काही वाटत नसे.

माझ्या लग्नाच्या बोलणीत ते वडीलधारे म्हणून आले होते. मुलीकडचं घर भिक्षुकी परंपरेचं, कडक सोवळ्याचं. आम्ही पोहे खात होतो तेवढ्यात डिंगणकर उठले, देवघराशी गेले आणि तिथला शाळिग्राम उचलून त्यांनी जिभेला लावला. डिंगणकरांनी चष्मा वर केला, खिडकीशी जाऊन शाळिग्राम न्याहाळला आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना धीर दिला, "अस्सल आहे हो. बिलकुल काळजी करू नका. गंडकीचाच आहे."

लग्न झालं ते सासूबाईंच्या हसण्यामुळे. त्या पदर तोंडाला लावून जे हसत सुटल्या, त्या थांबेनातच. शाळिग्रामाची शुद्धी मात्र तीन दिवस चालली आणि पुढे मी सासुरवाडीला गेलो की सासरे देवघराचं दार आधी लोटून घेत.

आम्ही दोघं एकाच खात्यात होतो. ग्वाल्हेर संस्थान होतं तेव्हाच्या खनिज खात्यात ते पाहणी अधिकारी आणि मी नुकता चिकटलेला लेखनिक. खातं म्हणजे एक लांबट खोली, चार टेबलं आणि भिंतीभर दगडांनी भरलेली कपाटं. संस्थानात दगडाला तोटा नव्हता. लोखंडाचा दगड होता, चुन्याचा होता, किल्ल्याच्या डोंगराचा वाळूचा दगड तर हवा तेवढा. पण डिंगणकरांना विचाराल तर संस्थानात खाण एकच होती. करेंथ्याची सोन्याची खाण.

छोट्या लाईनच्या गाडीनं शिवपुरीच्या बाजूला जायचं, मधल्या एका ठेसनावर उतरायचं आणि पुढे बैलगाडीनं दोन तास, की करेंथा येतं. सगळा मुलूख काळ्या-तांबूस कातळाचा आणि त्यातून पांढऱ्या गारेची, म्हणजे गारगोटीच्या दगडाची, एक लांबलचक भिंत वर आलेली. त्या गारेत सोनं होतं. फार नव्हतं, पण होतं. फार पूर्वी कुणीतरी लोकांनी तिथे आग पेटवून, तापलेल्या दगडावर पाणी ओतून तो फोडला होता आणि कातळातच उखळी करून गार कुटली होती. त्या उखळी अजून आहेत. त्यांत पावसाचं पाणी साठतं आणि शेळ्या पितात.

महाराजांच्या कारकिर्दीत एक गोरा इंजिनीअर आला. त्यानं एक उभी विहीरवजा खाण खोदली, दगड कुटायचं यंत्र बसवलं, आणि पहिल्या वर्षी जे सोनं निघालं ते दरबारात चांदीच्या तबकातून नेलं. डिंगणकर सांगत, तबक मोठं होतं. सोनं सुपारीएवढं होतं.

दुसऱ्या वर्षी खाली पिवळं चमकणारं काहीतरी भरपूर लागलं आणि गावभर मिठाई वाटली गेली. ते खोटं सोनं निघालं. तिसऱ्या वर्षी गारेची शीर अचानक तुटली. समोर नुसता कातळ. जमीन कधीकाळी हलली असणार, त्यात शीर मधेच कापली जाऊन बाजूला सरकली होती. ती कुठे सरकली, यावर सगळं अडलं. इंजिनीअर म्हणाला पश्चिमेला. तेव्हा पंचविशीत असलेले डिंगणकर म्हणाले, पूर्वेला. त्यांनी इतके नकाशे काढले, इतके दगड चाटले आणि इतकी हुज्जत घातली की साहेबानं कंटाळून पूर्वेला दुसरी खाण खोदायला घेतली.

सोनं लागलं नाही. पाणी लागलं. असं लागलं की मजूर शिडीवरून एकमेकांच्या खांद्यांवर पाय देत वर आले. दोन खाणी जोडणाऱ्या भुयारातून ते पहिल्या खाणीत शिरलं आणि यंत्र बंद पडलं. ते भुयार लगेच दगड-चुन्यानं बुजवून टाकलं, पण उपयोग झाला नाही. साहेब विलायतेला गेला. डिंगणकर इथेच राहिले, आणि सबंध खात्यात "संस्थानाचं सोनं बुडवलं ते हे" अशी त्यांची ओळख करून दिली जाऊ लागली. तोंडावरसुद्धा.

ते रागावत नसत. फक्त म्हणत, "शीर सरकते, संपत नाही." हे वाक्य ते दिवसातून दहा वेळा म्हणत. पाऊस लांबला तरी, बढती हुकली तरी. पत्नी वारली तेव्हा मी भेटायला गेलो होतो. तेव्हाही त्यांनी हे वाक्य अर्धं म्हटलं आणि पुढचं गिळलं. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर घरात ते आणि दगड.

दर वर्षी दरबाराला खाणींची यादी जाई. प्रत्येक खाणीपुढे "चालू" किंवा "बंद" लिहायचं. करेंथ्यापुढे डिंगणकर स्वतःच्या हातानं लिहीत, "काम तात्पुरते तहकूब." असं त्यांनी वीसहून अधिक वर्षं लिहिलं. हेडक्लार्क चिडत, "अहो डिंगणकर, तात्पुरतं म्हणजे किती?" डिंगणकर म्हणत, "जमिनीच्या हिशेबानं अजून डोळा मिटून उघडलेला नाही न." आणि दर दोन महिन्यांनी पाहणीच्या नावाखाली एका गुरुवारी करेंथ्याला जात. आम्ही समजत होतो, म्हाताऱ्याला सोन्याचं वेड लागलंय. बायकोनं तर मला बजावलं होतं की त्यांच्याबरोबर तिकडे जायचं नाही. लागण होते म्हणे.

मग संस्थानं विलीन झाली आणि मध्यभारत झाला. ज्यांनी तो कारभार पाहिला नाही त्यांना सांगून पटायचं नाही. राजधान्या दोन. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. दर सहा महिन्यांनी सबंध सरकार पेट्यांत भरून रेल्वेत चढे. नस्त्या, शिक्के, दौती, चपराशी, चपराशांच्या कोंबड्या. आणि नव्या सरकारचा नवा नियम आला. जी खाण बंद, तिचं तोंड दगडमातीनं बुजवून टाकायचं, म्हणजे कुणी माणूस-जनावर पडायला नको. करेंथा चालू की बंद, ते एका शब्दात कळवा.

तो एक शब्द आठ वर्षं गेला नाही. इंदूरहून पत्र आलं की डिंगणकर उत्तर देत, नस्ती ग्वाल्हेरीस आहे. सरकार ग्वाल्हेरीस आलं की नस्ती नेमकी इंदूरच्या पेटीत निघे. आम्ही म्हणायचो, म्हातारा विसरभोळा होत चालला. एकदा मीच पेट्या भरताना ती नस्ती बरोबर पेटीत ठेवली, तर डिंगणकरांनी ती शांतपणे काढून चुकीच्या पेटीत ठेवली. "काय करून राहिलात?" मी विचारलं. म्हणाले, "सबनीस, तुम्ही बिलकुल पाहिलं नाही, ठीक आहे न?" मी म्हटलं ठीक आहे. पण मनात म्हटलं, एवढी लबाडी सुपारीभर सोन्यासाठी!

पुढे मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळ ठरली, आणि नस्ती हरवायला दुसरी राजधानीच उरली नाही. डिंगणकरांच्या निवृत्तीला तेव्हा दोन महिने राहिले होते. भोपाळहून एक तरुण अधिकारी आले. जबलपूरकडचे, बोलायला मोजके. त्यांनी आल्याआल्या यादी मागवली, "तात्पुरते तहकूब"वर बोट ठेवलं आणि म्हणाले, "गुरुवार को चलते हैं. देखकर बंद लिख देंगे, मजदूर वहीं से ले लेंगे, भरवा देंगे."

डिंगणकरांचा चेहरा पार उतरला. संध्याकाळी ते माझ्या थाटीपुरच्या क्वार्टरवर आले, चहा घेतला आणि कधी नव्हे ते हात जोडले. "सबनीस, तुम्ही पण चला. मला एकट्याला बोलता यायचं नाही. मी बोललो तर साहेब समजेल, म्हातारा सोन्यासाठी बोलून राहिलाय."

"मग कशासाठी बोलताय?" मी विचारलं.

"तिथे पहा न," एवढंच ते म्हणाले.

मी गेलो. बायकोला सांगितलं नाही.

करेंथ्याला पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. पहिल्या खाणीवर झुडपं माजली होती. तिचं पाणी गंजासारखं तांबडं. अधिकारी डोकावले आणि नाक मुरडून मागे सरले. दुसरी खाण पूर्वेला टेकडीआड होती. तिथे वळलो आणि मी उभाच राहिलो.

तिला दगडी कठडा बांधलेला होता. वर लाकडी रहाट. पंधरा-वीस बायका हंडे-घागरी घेऊन उभ्या, तेवढ्याच कठड्याला टेकून बसलेल्या. डिंगणकर दिसले तशी गलका झाला, "बब्बा आ गए! बब्बा आ गए!" एका म्हातारीनं, रामकली तिचं नाव, कुणी काही विचारायच्या आत तांब्या भरून अधिकाऱ्यांच्या हातात दिला. ते प्यायले. मीही प्यायलो. इतकं गार, गोड पाणी मी ग्वाल्हेरात प्यायलो नव्हतो.

"इधर दूसरा पानी?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"चार मील, साहब," रामकली म्हणाली. "जेठ में वो भी नहीं."

अधिकाऱ्यांनी यादी काढली. माणूस वाईट नव्हता, पण यादीपुढे माणसाचं काय चालतं? "डिंगणकरजी, कागज पर यह खदान है. बंद खदान है तो मुझे भरनी पड़ेगी. चालू आप लिख नहीं सकते. तहकूब अब मैं मानूँगा नहीं."

बायकांनी हंडे खाली ठेवले. त्यांना कागदोपत्री शब्द कळले नसतील, पण 'भरनी' कळलं होतं. मला बोलायला आणलं होतं आणि मी नुसता त्या यादीकडे पाहत होतो.

डिंगणकरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "साहब, यह खदान है ही नहीं," ते म्हणाले. "खदान वो उधर है, झाड़ी में. उसे भर दीजिए. बीच की सुरंग तो उसी साल बंद करा दी थी. यहाँ सोना न था, न है. शीर... उसकी नस उधर ही खतम हो गई थी. मैंने गलत जगह खुदवाया. गलती मेरी थी. गलत खोदा तो कुआँ निकला. यह कुआँ है."

"लिखकर देंगे? आपकी पूरी नौकरी के कागज पर यही आखिरी बात रहेगी."

"अभी देता हूँ."

कठड्यावर कागद ठेवून त्यांनी लिहिलं. मी शेजारी उभा राहून वाचत होतो. ज्या माणसानं तीस वर्षं कुणाला आपली चूक कबूल केली नव्हती, त्यानं तीन ओळींत ती केली आणि खाली सही ठोकली. अधिकाऱ्यांनी यादीतून दुसरी खाण खोडली, बाजूला लिहिलं "कुआँ, ग्राम करेंथा", आणि पहिलीपुढे "बंद". मला एवढं हायसं वाटलं की मी अकारण रामकलीच्या पाया पडलो. बायका हसल्या. अधिकारीही हसले आणि आणखी एक तांब्या मागून घेतला.

साहेब बैलगाडीकडे निघाले. मी डिंगणकरांना म्हटलं, "दादा, सुटलात! एवढी वर्षं आम्हाला नुसतं सांगितलं असतंत तरी..."

"सांगितलं असतं तर कोणीतरी दयेनं 'बंद' लिहून, भरू नये अशी शिफारस केली असती," ते म्हणाले. "साहेबाची बदली झाली की त्याची शिफारसही जाते, सबनीस."

ते कठड्याला हात लावून उभेच राहिले. हायसं वाटलेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो. मी म्हटलं, चला, गाडी चुकेल. तेव्हा ते हळूच म्हणाले, "आता खाण नाही म्हटल्यावर पाहणी नाही. पाहणी नाही तर मी इकडे कोणत्या कारणानं येणार?"

दर दोन महिन्यांनी येणारा तो गुरुवार होता ना, तो त्यांनी सरकारी कागदावर असा राखला होता. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या त्यांच्या घरात त्यांच्याशी बोलायला कुणी नव्हतं, आणि इथे तीस बायका त्यांच्या येण्याचा गलका करत होत्या. हे मला वीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसून कळलं नव्हतं. मला माझी लाज वाटली.

रामकलीला मराठी कळत नव्हतं. पण चेहरा कळत असावा. तिनं मला विचारलं, बब्बा काय म्हणतात? मी सांगितलं, म्हणतात की आता यायचा हुकूम नाही.

तिनं रहाटाचा दोर सोडला आणि कमरेवर हात ठेवून डिंगणकरांच्या समोर आली. "काए बब्बा," ती म्हणाली, "पानी पीबे के लाने सोई हुकुम चइये का?" पाणी प्यायलासुद्धा हुकूम लागतो का?

डिंगणकर कठड्यावर बसले. तिनं तांब्या भरून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि पीत राहिले, तांब्या रिकामा झाल्यावरही बराच वेळ तोंडाशी तसाच धरून. मी साहेबांना जाऊन सांगितलं की आम्ही दुपारच्या गाडीनं येतो, तुम्ही पुढे व्हा.